बॅटरी उतरते, दोष दिव्याचा

शोरूमवाल्यांवर माझा राग आहे. तो अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. गाडी आता ठीक चालते. सकाळी सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात चालू होते. ओळखीतले लोक म्हणतात, झालं ना काम, मग कशाला तेच तेच उगाळत बसायचं. ज्यांच्या घरात हे घडलं नाही त्यांना असं म्हणायला काय जातं.

आम्ही पडेगावात राहतो. मी गारखेड्याच्या एका खासगी शाळेत शिकवते आणि नवरा ट्रक चालवतो. ट्रक आमचा स्वतःचा आहे, सहा चाकी, आणि तो कसा आला हे आधी सांगायला हवं. नवऱ्याचं घर मेंढपाळांचं. सासरे गेल्यावरही सासूबाईंनी वेरूळकडच्या गावात राहून कळप सांभाळला होता. मी त्यांना आत्याबाई म्हणते. पुढे चराईची जागाच उरली नाही. डोंगराच्या कडेकडेनं प्लॉट पडले, तारेची कुंपणं आली, आत्याबाईंचे गुडघे गेले आणि नवरा दुसऱ्याच्या ट्रकवर राबत होता. एके दिवशी त्यांनीच सांगितलं, मेंढरं विका आणि गाडी घ्या. विकायच्या दिवशी त्या बाजारात आल्या नाहीत. घरी उंबऱ्यावर बसून राहिल्या आणि आम्ही परत आल्यावर गिऱ्हाईक कोण होतं, पाणी पाजून नेलं का, एवढंच विचारलं.

त्यामुळे ट्रक म्हणजे त्यांच्या लेखी कळपच होता. गावचं घर बंद करून त्या आमच्याकडे पडेगावात आल्या. संध्याकाळी गाडी दारात लागली की त्या तिच्याभोवती एक फेरी मारायच्या आणि प्रत्येक टायरवर हात ठेवायच्या. नवरा हसायचा, पण त्यांना फेरी मारू द्यायचा.

गाडीची डिलिव्हरी आम्ही घटस्थापनेच्या दिवशी घेतली. बायपासच्या कडेला ते भलंमोठं शोरूम आहे, पुढे काचा, मागे वर्कशॉप. त्या दिवशी तिथं जत्रा भरली होती. एकामागून एक गाड्यांची पूजा, हार, नारळ, फोटो. प्रत्येक गिऱ्हाइकाला शोरूमकडून भेट म्हणून डॅशबोर्डवर बसवायची देवाची छोटी तसबीर मिळत होती आणि तिच्यापुढे बोटाच्या पेराएवढा लाल दिवा. त्यांच्याच इलेक्ट्रिशियननं तो आमच्या गाडीत बसवला. आत्याबाईंनी विचारलं, चावी काढली की हा विझंल का? तो म्हणाला, विझणार. मग त्यांनी हात जोडून सांगितलं की घट बसलेत, आता नऊ दिवस देवापुढचा दिवा विझता कामा नये.

तिथं उभा असलेला सेल्समन मोठ्या उत्साहानं म्हणाला, आजी, तुमच्यासाठी एवढंही करणार नाही का आम्ही? आणि त्यानं इलेक्ट्रिशियनला दिव्याची वायर थेट बॅटरीवर घ्यायला सांगितली. चावी असो नसो, दिवा सुरू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्याबाईंनी त्या पोरांच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. असं करू नये, यानं काही होईल, असं त्या अख्ख्या काचेच्या इमारतीतला एक माणूस बोलला नाही.

दिवाळी बरी गेली. नवऱ्याला आल्याच्या एका व्यापाऱ्याचं काम लागलं होतं. खुलताबाद, वेरूळ या भागात आलं पुष्कळ पिकतं. पहाटे शेतावर जायचं, धुतलेल्या आल्याची पोती भरायची आणि बाजारात पोचवायची. या धंद्यात गाडी पहाटे सुरू होण्यालाच सगळी किंमत. थंडी पडली आणि एका सकाळी सेल्फ मारला तर नुसती टकटक झाली आणि सगळे दिवे मंदावले. शेजाऱ्याच्या टेम्पोवरून वायरी लावून गाडी सुरू केली. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच.

शोरूमचं वर्कशॉप म्हणजे बाहेरून दवाखाना आणि आतून कचेरी. तिथं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर नावाचा एक माणूस असतो. तो गाडीला हात लावत नाही, फक्त तुमच्याशी बोलतो. आमच्या वाट्याला आलेला तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, गोड आवाज. नवऱ्यानं त्याला सगळं नीट सांगितलं. नवरा आपल्या बोलीत बोलतो, लई, व्हय, नाय असं. तो तरुण ऐकता ऐकता शेजारच्याकडे बघून ओठांत हसला. नवऱ्याच्या ते लक्षात आलं नाही, माझ्या आलं. तेव्हापासून दर खेपेला मी सोबत जायला लागले.

पहिल्यांदा त्यांनी बॅटरी चार्ज करून दिली आणि रात्री टेप चालू राहिला असेल असं सांगितलं. नवरा टेप ऐकत नाही. पुढच्या खेपेला म्हणाले, गाडी उभी राहते म्हणून बॅटरी उतरते, जास्त चालवत जा. उभी का राहते, तर ती सुरू होत नाही म्हणून, हे त्याला समजावण्यात माझा अर्धा तास गेला. मग नवी बॅटरी बसवली. तीही उतरली. प्रत्येक वेळी गाडी मात्र धुऊन, पुसून, चकचकीत करून द्यायचे. तापानं फणफणलेल्या माणसाला आंघोळ घालून घरी पाठवावं तसला प्रकार. आणि निघताना तो अ‍ॅडव्हायझर दर वेळी हळू आवाजात सांगायचा, मॅडम, कंपनीचा फीडबॅकचा कॉल येईल, दहापैकी दहा सांगा, आमचं सगळं त्यावरच असतं.

नवऱ्यानं आपल्यापुरता उपाय काढला होता. संध्याकाळी पान्यानं बॅटरीची वायर सोडवून ठेवायची आणि पहाटे पुन्हा आवळायची. थंडीत बोटं सोलवटून निघायची. आत्याबाई फेरी मारताना त्याला पाना हातात घेतलेला बघायच्या. गाडीला काय दुखतंय, असं विचारायच्या. तो म्हणायचा, काय नाय माय, सवयीचं हाय. वायर काढली की देवापुढचा दिवाही विझायचा. त्या तेव्हा तोंड फिरवायच्या.

आत्याबाई शोरूमला आल्या तो दिवस मला आठवायलाही नको वाटतो. शहरात त्यांचे डोळे दाखवायचे होते, परतताना आम्ही गाडीबद्दल विचारायला थांबलो. गाडी तेव्हा वर्कशॉपमध्येच होती. अ‍ॅडव्हायझरनं त्यांना अदबीनं आत एसीत बसवलं, पाणी दिलं. मला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्या माणसापुढे तरी हा नीट बोलेल. तो खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला आणि हसतमुखानं म्हणाला, "आजी, सापडलं बरं का. तुमचा देवाचा दिवाच बॅटरी खातोय. चोवीस तास जळतो ना तो."

आत्याबाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "माझ्या दिव्यानं?"

"हो ना आजी. बाहेरचं काही जोडलं की असं होतं. गाडीला चालत नाही ते."

बाहेरचं काही. त्यांनीच दिलेला दिवा, त्यांच्याच माणसानं जोडलेला, त्यांच्याच टाळ्यांमध्ये. मी ते तिथल्या तिथं बोलले आणि माझा आवाज चढला. तो शांतपणे म्हणाला, मॅडम, डिलिव्हरीवाले वेगळे, सर्व्हिसवाले वेगळे, तेव्हाचा सेल्समनही आता इथं नाही, आणि कस्टमरनं मागणी केल्याशिवाय आमचा माणूस असं जोडणार नाही. यातलं शेवटचं तेवढं खरं होतं आणि आत्याबाईंनी तेवढंच ऐकलं. त्या उठल्या, देवाला चूक झाल्यावर घेतात तसे दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले आणि त्या पोराला म्हणाल्या, "मला अडाणीला काय ठावं बाबा. काढून टाक."

वर्कशॉपवाल्यांनी दिवा काढला. वायर कापली आणि तसबीर एका पिशवीत घालून आमच्या हातात दिली. घरी आल्यावर आत्याबाईंनी ती ट्रंकेत ठेवली. संध्याकाळची त्यांची फेरी त्या दिवसापासून बंद झाली. गाडी दारात लागली की त्या आत जायच्या. मी एकदा म्हटलं, या ना, टायर बघा. त्या म्हणाल्या, "माझा हात नगं लागायला. एकदा लावला ते बास झालं."

मी सायन्स शिकवते. तेवढ्या इवल्याशा दिव्यानं ट्रकची बॅटरी एका रात्रीत उतरत नाही, हे माझ्या आठवीच्या वर्गातलं पोरही सांगेल. मी आत्याबाईंना ते सांगितलं, घरातला झिरोचा बल्ब आणि पाण्याची मोटर दाखवून समजावलं. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे पटणं असतं तर शाळेत मला काही कामच उरलं नसतं.

आणि बॅटरी पुन्हा उतरली. दिवा नाही, वायर नाही, तरी उतरली. वर्कशॉपवाल्यांनी आता सगळं ठीक आहे, वायर काढत बसू नका, त्यानं गाडीतलं सेटिंग जातं, असं बजावलं होतं, म्हणून नवऱ्यानं पाना बाजूला ठेवला होता. वेरूळच्या पुढे एका शेतावर गाडी पोत्यांनी भरली, मालाची कागदपत्रं झाली आणि सेल्फ लागेना. उन्हं चढायला लागली होती. व्यापाऱ्यानं दुसरी गाडी मागवली आणि भरलेली सगळी पोती हमालांना एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायला लावली. नवरा म्हणे त्यांच्याबरोबर पोती उचलू लागला. व्यापारी त्याला एवढंच म्हणाला, "राहू दे, तुझा माल नाही आता तो." त्यानंतर त्या माणसाचा फोन आला नाही.

नवरा घरी आला आणि जेवायला बसला. आत्याबाईंनी विचारलं, काय झालं? त्यानं सांगितलं. मी लगेच म्हटलं, बघा, आता तर दिवा नव्हता ना? त्यांनी भाकरी वाढता वाढता म्हटलं, "वायर कापली म्हनून काय झालं. बाधा आत गेली ती गेली." आणि खरं सांगते, पुढच्या खेपेला त्या अ‍ॅडव्हायझरनं हेच मला कंपनीच्या भाषेत सांगितलं. म्हणाला, एकदा बाहेरची वायर जोडली की आतल्या वायरिंगमध्ये दोष राहतो, तो आता वॉरंटीत बसणार नाही. त्या माउलीनं अज्ञानानं जे म्हटलं ते हा पगार घेऊन म्हणत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मे महिन्याची सुट्टी लागली होती. मी गाडी त्यांच्या वर्कशॉपमध्ये लावली आणि सांगितलं की कारण सापडेपर्यंत ती इथंच राहील आणि मीही रोज येईन. रोज सकाळी स्कूटीवर डबा घेऊन जायचे आणि त्यांच्या वेटिंगमध्ये बसायचे. पेपर तपासायचे, मशीनचा चहा प्यायचे. आधी त्यांनी आदरातिथ्य केलं. मग दुर्लक्ष केलं. मग मॅनेजर येऊन म्हणाला, मॅडम, तुम्ही इथं बसून काय होणार आहे? मी म्हटलं, तुम्ही उभे राहून काय झालं ते बघितलंय, आता मी बसून बघते. नवरा म्हणायचा, नको एवढं ताणू. त्याचा स्वभावच तसा आहे. मेंढरामागं वाढलेला माणूस, ओरडून काही होत नाही हे त्याला लहानपणीच कळलंय. मला अजून कळलेलं नाही.

मग एका सकाळी मी गेटमधून आत गेले आणि जे बघितलं त्यानं मला इतका आनंद झाला की लाजही वाटली नाही. आमचा ट्रक धुण्याच्या जागेच्या बरोबर तोंडावर अडकून पडला होता आणि त्यांची निळ्या कपड्यांतली सहा-सात माणसं त्याला मागून ढकलत होती. संध्याकाळी चांगला चालवून लावलेला, सकाळी त्यांच्याच अंगणात बॅटरी उतरलेली. मागे दुसऱ्या गाड्यांची रांग लागलेली. अ‍ॅडव्हायझर घामाघूम होऊन उभा होता, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. मी त्याला नमस्कार केला आणि जास्त चालवत जा म्हणून सांगितलं.

त्या दिवशी दुपारपर्यंत कारण सापडलं. इतके महिने सापडत नव्हतं ते त्यांची स्वतःची वाट अडली तेव्हा सापडलं. डॅशबोर्डच्या मागे एक रिले असतो, काडेपेटीएवढा डबा. चावी काढली की त्यानं करंट तोडायचा. तो आतून कधीतरी चिकटून राहायचा आणि मग चावी खिशात असली तरी अर्धी गाडी बॅटरी ओढत राहायची. कंपनीतून आलेलाच तसा. त्या दिवशी तो चिकटलेला सापडला, त्यांनी काढून नवा बसवला. मी इलेक्ट्रिशियनला विचारलं की दिव्याच्या वायरीमुळे हा बिघडला का? तो म्हणाला, त्याचा नि याचा काय संबंध, ती लाइन वेगळी आहे. आणि मग अ‍ॅडव्हायझर येताना दिसला तसा तो डॅशबोर्डखाली वाकला.

मी अ‍ॅडव्हायझरला म्हटलं, आता हे लिहून द्या. तो म्हणाला, मॅडम, कारण लिहिता येत नाही, फक्त पार्ट बदलला एवढं येतं, आणि वॉरंटीतून केलंय ना आम्ही, तुम्हाला काहीच खर्च नाही. मी म्हटलं, मला खर्चाचं बोलायचं नाही. माझी सासू चार महिने गाडीला हात लावत नाही. तुम्ही तिला तोंडावर सांगितलं की तुझ्या दिव्यानं झालं. आता तोंडावर सांगा की नाही झालं. लिहून नको, नुसतं बोला. तो म्हणाला, बघू. या माणसाच्या तोंडून बघू ऐकणं म्हणजे काय हे मला तोवर पाठ झालं होतं. मी शेवटचं हत्यार काढलं. म्हटलं, फीडबॅकचा कॉल येईल तेव्हा मी दहापैकी दहा सांगेन. पण त्याआधी तुम्ही आमच्या घरी फोन करायचा आणि तिच्याशी बोलायचं. त्याचा चेहरा एकदम खुलला. म्हणाला, मॅडम, एवढंच ना.

घरी जाऊन मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. नवऱ्यानंही सांगितलं, "माय, पार्टच खराब व्हता. कंपनीचा." त्या भांडी घासत होत्या. म्हणाल्या, तुम्ही लेकरं हाय माझी, तुम्ही माझ्याकडूनच बोलनार. मी म्हटलं, आम्ही नाही म्हणत, त्यांच्याच माणसानं सांगितलंय. त्या म्हणाल्या, "त्याच साहेबानं मला सांगितलं व्हतं ना, दिव्यानं झालं म्हनून? मग तो कामून खोटं बोलंल? त्याचं माझं काय वाकडं हाय?" त्या पोराचं त्यांच्याशी खरंच काही वाकडं नव्हतं. वाकडं असतं तरी बरं झालं असतं, निदान त्याला त्या आठवल्या असत्या.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी त्याला पुन्हा एकदा स्पष्ट सांगितलं की काय बोलायचंय, आणि स्पीकर लावून फोन आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि फोन दोन्ही हातांत धरला, जणू तो सांडेल.

"आजी, नमस्कार. कशा आहात?" तोच गोड आवाज.

"बरी हाय बाबा."

"गाडी एकदम ओके झालीय बरं का आता. काही टेन्शन घेऊ नका. झालं गेलं सोडून द्या. आम्ही सगळं आमच्याकडून फ्रीमध्ये करून दिलंय."

मी फोनकडे तोंड करून म्हटलं, दिव्याचं सांगा. दिव्याचं.

"हां, हां. आजी, दिव्याचं पण मनाला लावून घेऊ नका. होतं असं कधी कधी माणसाकडून. फक्त पुढं पुन्हा तसलं काही जोडू नका, म्हणजे झालं."

"नाय जोडनार बाबा," आत्याबाई म्हणाल्या. "नाय जोडनार."

मी फोन हिसकावून घेतला तोवर त्यानं ठेवलाही होता. मी परत लावला, त्यानं उचलला नाही. अंगणात गाडी उभी होती, नवरा तिच्याखाली काहीतरी बघत होता. मी आत्याबाईंकडे वळले. मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं होतं, रिले, बल्ब, मोटर, सगळं. पण त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी हलका झाला होता. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"लई भला मानूस हाय," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी त्यांचं एवढं नुसकान झालं, पर मला एका शब्दानं टाकून बोलला नाय."